थंडोबांची बिअर

आमच्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली थंडोबा म्हणते आणि त्यात गल्लीची काही चूक नाही. फ्रिज दुरुस्त करतो म्हणून हे नाव पडलं, असं ते स्वतः सांगतात. खरं कारण निराळं आहे. समोर आग लागली आहे असं सांगा, हा माणूस आधी चष्मा काढून पुसेल, तो नाकावर नीट बसवील आणि मग विचारील, "कुठे?" लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, दीर फार समंजस आहेत. समंजस नव्हते, नुसते सावकाश होते.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली त्यांचं दुकान आणि दुकानामागे त्यांची खोली. दुकानात पाऊल ठेवायला जागा नाही. पोट उघडं पडलेले फ्रिज, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, खुंटीवर लोंबणाऱ्या दारांच्या रबरी पट्ट्या आणि कोपऱ्यात कुठला तरी कंप्रेसर चाचणीला लावलेला, दिवसभर घुरघुर करणारा. नवीन पट्टी बसवली की भाऊजी दारात कागदाचा कपटा धरून दार लावतात आणि कपटा ओढतात. सुळकन निघाला तर पट्टी ढिली, अडकला तर पक्की. मग गिऱ्हाइकाकडे वळून एकच वाक्य बोलतात, "दार लावत जा, थंडी जाते." हे वाक्य ते मलाही रोज ऐकवतात. एकदा आम्ही ओळखीच्यांकडे बसायला गेलो होतो. त्या घरच्या बाई फ्रिज उघडून काय द्यावं याचा विचार करत उभ्या राहिल्या, तर भाऊजी बैठकीतून ओरडले, "अहो, दार लावा, थंडी जाते!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अशा थंडोबांच्या पोटी जी मुलगी जन्माला आली तिला आमच्या ह्यांनी पाळण्यात असतानाच ठिणगी म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून ती अर्धी खाली आणि अर्धी माझ्याकडे वाढली. वेण्या मी घातल्या, तांब्याच्या नळीला डाग देऊन सांधायला बापाने शिकवलं. हात असा चालायचा तिचा की गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. मोठी झाल्यावर तिने भाऊजींच्या दुसऱ्या नादातही हात घातला. तो नाद म्हणजे घरी बिअर करण्याचा. वर्षातून दोनदा ते हलकी, सोनेरी बिअर करतात, ती गल्लीत वाटतात आणि तिचं कौतुक ऐकताना चष्मा पुसत बसतात. ठिणगी म्हणायची, "हे काय पाण्यासारखं! एकदा चांगली जबरदस्त करूया. काळी, दाट, एका ग्लासात माणूस गप्प होईल अशी." भाऊजी म्हणायचे, "करू. बघू."

मग एके दिवशी भाऊजींनी कुणाला न विचारता दुकानाच्या पाटीवर आपल्या नावाखाली 'आणि कन्या' असं रंगवून घेतलं. ठिणगीला ते दाखवायला हाताला धरून बाहेर नेलं. ती पाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, मी बेकरीत काम धरलंय, परवापासून जाणार आहे. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. भाऊजींचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "पाव भाजायला जातेस? जा. पण मग हे दार तुला बंद." दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून त्यांनी ते दोन शब्द खरवडून काढले. नीट निघाले नाहीत. तिरकं ऊन पडलं की अजून वाचता येतात.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ठिणगी याच शहरात दुसऱ्या टोकाला राहते. माझ्याकडे येते, पण मागच्या लोखंडी जिन्याने. तिची पावलं जिन्यावर वाजली की खालचा कंप्रेसर बंद होतो. ती परत उतरून गेली की पुन्हा सुरू होतो. मी हे कधी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती चपला हातात घेऊन चढली असती. दोघं एकमेकांविषयी माझ्याकडेच चौकशी करायची. तीही कशी? ती विचारणार, "तुझ्या दिरांचा खोकला बरा आहे का?" ते विचारणार, "तुमच्या पुतणीची तब्येत ठीक आहे ना?" बाबा हा शब्द तिच्या तोंडून गेला तो गेलाच. आपलं माणूस माझ्या गळ्यात घालून दोघं मोकळी झाली होती.

तर अशात ठिणगीने स्वतःची बेकरी काढायचं ठरवलं. जागा घेतली, भट्टी बसवली आणि मला सांगायला आली. जाताना जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून म्हणाली, "काकू, उद्घाटनाला सगळ्यांना घेऊन ये." सगळ्यांना म्हणताना तिने खाली बघितलं. मला कळायचं ते कळलं. खाली जाऊन मी भाऊजींना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "रिकाम्या हातानं कसा जाऊ?" आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या दुप्पट माल्ट घेऊन आले.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं सातूचं धान्य. ते गरम पाण्यात मुरवून त्याचा गोड काढा काढायचा, हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि तिची दारू करतं. साखर जास्त तेवढी बिअर कडक. त्या दिवशी सगळ्या घरात जळक्या साखरेचा वास भरला होता. काळाभोर काढा त्यांनी मोठ्या काचेच्या बुधल्यात भरला, बुचात पाण्याची वाकडी नळी बसवली. आतला वायू त्या नळीतून बुडबुडे काढत बाहेर पडतो. मग बुधला एका जुन्या, मोठ्या फ्रिजमध्ये ठेवला. तो फ्रिज त्यांनी खास बिअरसाठी तयार केलेला आहे. आत ठरवलेल्या अंशापलीकडे तापमानाचा काटा हलत नाही. मला अभिमानाने म्हणाले, "वहिनी, आता उद्घाटनाला पंधरा दिवस उरेपर्यंत हे दार उघडायचं नाही."

आणि खरंच उघडलं नाही! इथेच घात झाला. दुसरा कुणी असता तर रोज डोकावला असता, बुडबुडे येतात का बघितलं असतं. पण जन्मभर दुसऱ्यांना दार उघडू नका म्हणून सांगत आलेला माणूस, तो स्वतः कसा उघडणार? काटा हलत नाही ना, मग सगळं ठीक.

ज्या दिवशी उघडलं त्या दिवशी मी खाली चहा घेऊन गेले होते. बुधला शांत होता. वाकड्या नळीतलं पाणी स्थिर, तळाशी यीस्टचा जाड थर निजलेला. भाऊजींनी उंच ग्लासात नमुना काढून त्यात हायड्रोमीटर सोडला. ही एक काचेची तरंगणारी नळी असते. द्रवात साखर असेल तितकी ती वर राहते, साखर संपत जाईल तशी बुडत जाते. ती अर्धवट बुडाली आणि तिथेच मान वर काढून उभी राहिली. त्यांनी तिला टिचकी मारली. पुन्हा तिथेच. मी ग्लासातलं चाखून बघितलं तर खोकल्याच्या औषधासारखं गोडमिट्ट, आणि मागून थोडी दारू.

"मेलं," भाऊजी म्हणाले.

पुढचे काही दिवस मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी फ्रिजचा काटा वर केला. बुधला हलवून तळाचं यीस्ट वर आणलं. नवीन यीस्टची पुडी फोडून तशीच वरून ओतली. ती जरा वेळ तरंगली आणि तळाशी जाऊन बसली. आमचे हे रोज संध्याकाळी खाली जाऊन एक घोट घेत आणि मत देत. "गोड तर गोड. भरून टाक बाटल्यांत, कुणाला कळतंय?"

"दादा, आत साखर तशीच आहे," भाऊजी म्हणाले. "उद्या बाटलीत यीस्ट जागं झालं तर वायू कुठे जाईल? बाटल्या फुटतील. तिच्या दुकानात, माणसांच्या गर्दीत. हे तिला देऊ मी?" आयुष्यभर दाबाखालच्या वायूशी खेळलेला माणूस, त्याला त्यातलं भय ठाऊक होतं. आमच्या ह्यांनी पुन्हा बाटल्यांचं नाव काढलं नाही, पण घोट घ्यायचं काही सोडलं नाही.

उद्घाटन आठवड्यावर आलं तेव्हा भाऊजी वर आले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तुम्ही दोघं जाऊन या. मी काही येत नाही."

माझं डोकं फिरलं. मी हातातली पळी ओट्यावर आपटली. "का? बिअर झाली नाही म्हणून? तिने बिअर मागितली होती का तुमच्याकडे? आणि यीस्टचं अडलंय तर यीस्टवर जिचं पोट आहे तिला विचारायचं सोडून पुड्या कसल्या फोडत बसलात!"

"तुम्ही विचारा ना तिला. तुम्ही विचारलंत तर..."

"मी नाही विचारणार. इतकी वर्षं तुमची पोस्टपेटी झाले, आता बंद. खोकला तिला सांगायचा, तब्येत तुम्हाला सांगायची, आणि मी मधे. या वेळी गेला नाहीत ना भाऊजी, तर ती पुन्हा बोलावणार नाही. मी ओळखते तिला. तुमचीच मुलगी आहे ती, एकदा दार लावलं की लावलं."

हे बोलले आणि मलाच वाईट वाटलं. ते खाली गेले. पण मी जिन्यात उभी राहिले. थोड्या वेळाने कंप्रेसर बंद झाला आणि फोन फिरवल्याचा आवाज आला.

मी ऐकलं, लपवत नाही. आधी त्यांनी घसा खाकरला. मग भाऊजी म्हणाले, "मी बोलतोय." मग पुन्हा घसा खाकरला. आता फोन ठेवतात की काय असं वाटलं, तेवढ्यात ते एका दमात म्हणाले, "काळी बिअर केली होती. जबरदस्त. अर्ध्यात थांबली." त्यानंतर ते फक्त उत्तरं देत गेले. "नेहमीइतकंच घातलं... हो, हलक्या बिअरला घालतो तेवढंच... थंड. नेहमीइतकं थंड... नाही, नाही उघडलं... एकदाही नाही." पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण ठिणगी काय बोलत असेल ते कळत होतं: दुप्पट माल्टला तेवढंच यीस्ट, आणि वर इतकी थंडी? शेवटी भाऊजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे मेलेलं नाही?" आणि मग, "आणतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी बुधला गोधड्यांत गुंडाळून त्यांच्या गाडीत ठेवला. ठेवला म्हणजे माझ्या मांडीवर दिला. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी त्याला बाळंतिणीच्या मुलासारखं धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला भाऊजी माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होते. साडीला तो आंबूस गोड वास लागला तो दोन धुण्यांतही गेला नाही.

बेकरीत रंगाचा वास होता. काउंटर अजून कागदाखाली झाकलेला, मागे भट्टी आणि भट्टीच्या बाजूला एक छोटी, उबदार खोली. पाव भाजण्याआधी मळलेलं पीठ फुगायला ठेवतात ती. ठिणगी कोपरापर्यंत पिठाने भरलेले हात घेऊन पुढे आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी बुधल्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, बरं झालं हा बुधला आहे, नाही तर यांनी बघितलं असतं कुठे?

"पावाचं यीस्ट इथे चालणार नाही, एवढ्या दारूत त्याला चक्कर येईल," ती म्हणाली. कडक बिअरमध्ये टिकणारं यीस्ट तिने आणून ठेवलं होतं. ते तिने सकाळीच कोमट, पातळ माल्टच्या पाण्यात भिजवलं होतं आणि त्याला आता फेसाचा जाड थर आला होता. तिने बुधल्यातली पळीभर काळी बिअर त्यात घातली. फेस बसला. आम्ही वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने फेस पुन्हा वर आला. मग तिने आणखी एक पळी घातली.

"सरळ ओतत का नाही?" मी विचारलं.

"एकदम ढकललं की घाबरून निजतं. थोडं थोडं चाखवायचं, सवय होऊ द्यायची," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडेच बघत, पण त्यांना ऐकू जाईल असं, "पुडी फोडून वरून ओतली म्हणे कुणी तरी."

भाऊजींनी चष्मा पुसला. संध्याकाळ होईपर्यंत ती पळ्या घालत होती आणि ते एका पालथ्या डब्यावर बसून बघत होते. शेवटी ते जागं, फसफसणारं सगळं तिने हळूच बुधल्यात सोडलं आणि बुधला उबेच्या खोलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, बिअर बघून येतो. मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. बुधला तसाच होता, ढिम्म. भाऊजी खोलीच्या दारापाशी घुटमळले, खिशातून कागदाचा कपटा काढला, दारात धरून दार लावलं आणि ओढला. सुळकन बाहेर आला. ते गाडीकडे गेले आणि खांद्यावर रबरी पट्टीचं वेटोळं घेऊन आले.

पट्टी बसवत असताना ठिणगी येऊन मागे उभी राहिली. तिने स्वतः कपटा घेतला, दारात धरला आणि ओढला. निघेना. तिने जोर लावला तर फाटून अर्धा हातात आला. भाऊजी दाराकडे तोंड करून स्क्रू पिळत होते. तसंच तोंड ठेवून म्हणाले, "त्या दिवशी मी दार बंद म्हणालो. चुकलं माझं."

"खूप चुकलं," ती म्हणाली. मग हातातल्या कागदाच्या तुकड्याची गोळी करत थोडा वेळ उभी राहिली आणि पीठ मळायला गेली.

एखाद्या गोष्टीत असतं तर त्याच क्षणी बुधल्यात बुडबुडा आला असता. आला नाही. आम्ही घरी आलो. गाडीत भाऊजी एकदाच बोलले. "खूप चुकलं म्हणाली." 

त्यानंतरच्या दुपारी मी जरा लवंडले होते, तेवढ्यात मागच्या लोखंडी जिन्यावर धडधड पावलं वाजली. मला वाटलं चोरबीर आहे की काय. दारात भाऊजी, धापा टाकत, चष्म्याशिवाय. "वहिनी! तिचा फोन आला होता. मला आला होता, माझ्या फोनवर! बुडबुडा आला म्हणाली. आता सारखे येतायत म्हणाली!" थंडोबांना धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आमचे हे झोपेतून उठून विचारत होते, "कुठे आग लागली?"

उद्घाटनाच्या दिवशी भाऊजी रिकाम्या हाताने गेले. बिअर अजून महिना-दीड महिना खदखदणार होती आणि मग मुरायला आणखी कितीतरी दिवस लागणार होते. पण दुकान पावांच्या वासाने आणि माणसांनी भरलं होतं, आणि आमचे दीर उबेच्या खोलीचं दार सताड उघडून उभे होते. जो येईल त्याला आत बोलावत होते. "हे बघा, ही काळी बिअर. मी झोपवली होती. माझ्या मुलीनं जागी केली. ऐका, ऐका कशी बोलतेय." बुधल्याच्या नळीतून टपटप बुडबुडे फुटत होते. माणसं पाव घ्यायला आली होती, ती बिचारी बुधल्याला कान लावून उभी होती. मी म्हणणार होते, भाऊजी, लोकांना पाव घेऊ द्या, तेवढ्यात काउंटरवरून ठिणगीचा आवाज आला. हातात तापलेला पत्रा, कपाळाला पीठ, आणि सगळ्या दुकानाच्या डोक्यावरून तिने हाक मारली.

"बाबा! दार लावा, ऊब जाते!"

दुकानात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पत्रा हातात धरून ठिणगी मात्र एक क्षण तशीच थांबली. भाऊजींनी निमूटपणे दार लावलं. बाहेरून नाही, आतून. नवी पट्टी दाराला घट्ट बसली आणि खोलीतला आवाज बाहेर येईनासा झाला.

थोड्या वेळाने मी दार किलकिलं करून बघितलं. ते पालथ्या डब्यावर बुधल्याशेजारी बसले होते. चष्मा हातात होता, पण या वेळी ते पुसत होते ते डोळे.

"वहिनी," ते म्हणाले, "आत या, नाही तर बाहेर थांबा. पण दार लावा."

मी आत गेले आणि दार लावलं.